जीईडीच्या गणितासाठी शिकवणी हवी आहे : शिक्षक कसा निवडावा?

ओसरी

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या मोठ्या वहिनी जीईडी ही हायस्कूल समकक्ष परीक्षा देत आहेत. भाषा, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या तीन विषयांत त्या उत्तीर्ण झाल्या आहेत, पण गणितात त्यांना १४१ गुण मिळाले आणि उत्तीर्ण होण्यासाठी १४५ लागतात. प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे १४५ मिळवावे लागत असल्यामुळे भाषेत मिळालेले जास्तीचे गुण इथे उपयोगी पडत नाहीत.

वहिनींचे शिक्षण मराठी माध्यमात अकरावीपर्यंत झाले आणि पुढे लग्न, मुले आणि परदेशातला संसार यांत ते राहून गेले. आता त्यांना कम्युनिटी कॉलेजात फार्मसी टेक्निशियनचा अभ्यासक्रम करायचा आहे. संघराज्य सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य घ्यायचे म्हटले, तर हायस्कूलचा डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र जवळ असलेले बरे, म्हणून ही परीक्षा.

त्यांच्यासाठी आम्ही गणिताचा खासगी शिक्षक शोधत आहोत. असा शिक्षक नेमका कुठे मिळतो, तो मराठी बोलणारा असावा का, समोरासमोर शिकवणारा बरा की ऑनलाइन चालेल, आणि मुख्य म्हणजे पैसे देण्यापूर्वी त्याची पारख कशी करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

दीपमाळ

मी बरीच वर्षे प्रौढ शिक्षण वर्गात स्वयंसेवक म्हणून गणित शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे १४१ हा आकडा पाहून वहिनींनी खचून जाऊ नये. जीईडीचे गुण १०० ते २०० या मोजपट्टीवर दिले जातात आणि ते बरोबर आलेल्या प्रश्नांची सरळ बेरीज नसते. तरीही १४१ म्हणजे विषयाचा बराचसा भाग हाती आहे आणि दोन-तीन जागी सातत्याने गळती होत आहे, असे समजायला हरकत नाही. ज्याला १२५ मिळाले आहेत त्याची गरज वेगळी असते आणि वहिनींची वेगळी आहे. त्यांना 'पहिल्यापासून सगळे गणित शिकवतो' म्हणणारा शिक्षक नको. गळती कुठे आहे ते शोधून तेवढेच बुजवणारा हवा.

म्हणून शिक्षक शोधण्याआधी त्यांच्या खात्यात जाऊन निकालाचा तपशील उघडा. त्यात फक्त गुण नसतात. पुढच्या वेळी गुण वाढवण्यासाठी कोणत्या कौशल्यांवर काम करायला हवे, तेही लिहिलेले असते. बहुतेक लोक वरचा आकडा पाहून ते पान बंद करतात. ते छापून घ्या आणि होणाऱ्या शिक्षकाच्या हातात पहिल्याच भेटीत द्या. ते वाचायची तसदीही न घेता जो स्वतःची ठरलेली पुस्तिका पुढे सरकवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याची गरज नाही.

परीक्षेचा आराखडाही लक्षात ठेवा, कारण शिक्षकाला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात. गणिताला ११५ मिनिटे असतात. सुमारे ४५ टक्के भार संख्यांवरच्या उदाहरणांवर असतो आणि त्यात अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, क्षेत्रफळ, घनफळ, आलेख, मध्य आणि मध्यक, संभाव्यता हे सारे येते. उरलेला सुमारे ५५ टक्के भार बीजगणिताचा असतो, म्हणजे समीकरणे, असमानता, रेषेचा चढ, वर्गसमीकरणे आणि फल (फंक्शन). सूत्रांचा तक्ता परीक्षेत दिला जातो. त्रिकोणमिती नसते. तरीही एखादा शिक्षक साइन-कोसाइन काढून बसला, तर तो कोणत्या तरी दुसऱ्याच परीक्षेची तयारी करून घेत आहे असे समजा.

पायवाट

शिकवणीच्या आधी एक वेगळा मुद्दा. वहिनींनी महाराष्ट्रात बारावी केली असती तर ही परीक्षा द्यावी लागली असती का? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी बारावीच्या गुणपत्रिकेचे मूल्यमापन नेसेस या परदेशी शिक्षण तोलून पाहणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घेतले आणि त्यांच्या कॉलेजाने तेवढ्यावर प्रवेश दिला.

ओसरी

आपला मुद्दा बरोबर आहे, परंतु वहिनींकडे फक्त दहावीचे प्रमाणपत्र आहे. कॉलेजात विचारले असता तेवढे पुरणार नाही असे सांगितले. शिवाय तीन विषय झालेच आहेत, तेव्हा आता मागे वळायचे नाही असे त्यांनीच ठरवले आहे.

कुरुंद

खासगी शिक्षकाला तासाचे पन्नास-साठ डॉलर मोजण्यापूर्वी फुकटचे मार्ग संपवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१४ च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी कायद्याच्या दुसऱ्या भागाखाली प्रौढ शिक्षणासाठी संघराज्याचा निधी राज्यांना मिळतो आणि त्यातून कम्युनिटी कॉलेजे, शाळांची मंडळे, ग्रंथालये आणि सेवाभावी संस्था जीईडीच्या तयारीचे वर्ग चालवतात. बहुतेक वर्ग विनामूल्य असतात. सुरुवातीला टेब किंवा कॅसास नावाची चाचणी घेऊन विद्यार्थ्याला कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचे ते ठरवतात. ही चाचणी पास-नापासाची नसते. तिला घाबरण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग सार्वजनिक ग्रंथालयाचा. अनेक ग्रंथालयांत साक्षरता कार्यक्रमाखाली एका विद्यार्थ्याला एक स्वयंसेवक शिक्षक देतात. शिवाय ब्रेनफ्यूज किंवा ट्यूटर डॉट कॉम यांसारख्या सेवांचे वर्गणीदार असलेल्या ग्रंथालयांचे सभासद घरबसल्या, ठरावीक वेळात, प्रत्यक्ष शिक्षकाशी ऑनलाइन बोलू शकतात आणि त्यासाठी ग्रंथालयाचे कार्ड पुरते. खान अकादमी हे शिकवणीचे संकेतस्थळ तर सर्वांनाच खुले आहे. आपल्या भागात कोणते वर्ग आहेत हे नॅशनल लिटरसी डिरेक्टरीत पिनकोड टाकून शोधता येते.

ओसरी

धन्यवाद. वहिनी एका विनामूल्य वर्गाला काही आठवडे जात होत्या. वर्ग चांगला होता, पण तिथे निम्मे विद्यार्थी भागाकारावर होते आणि उरलेले वर्गसमीकरणांवर, त्यामुळे त्यांच्या वाट्याला शिक्षकांचा वेळ फारसा येत नसे. त्यात त्यांचा स्वभाव भिडस्त. पंधरा जणांसमोर हात वर करून 'मला कळले नाही' म्हणणे त्यांना जड जाते. म्हणून स्वतंत्र शिकवणीचा विचार आला.

कुरुंद

हे समजण्यासारखे आहे. तरीही वर्ग सोडू नये. वर्गात रीत शिकायची आणि शिकवणीत फक्त अडलेली उदाहरणे न्यायची, असे केले तर आठवड्याला एक तास शिकवणी पुरेल. सारे काही शिकवणीवरच टाकले तर तोच खर्च तिप्पट होईल.

वडाचीपारंबी

आपल्या समाजात दर दुसऱ्या घरात इंजिनिअर आहे आणि तुम्ही शिक्षक शोधायला बाहेर निघाला आहात, याचे मला नवल वाटते. दीर किंवा भाचा यांपैकी कुणी संध्याकाळी तासभर बसला तर हे गणित काही अवघड नाही. आठवीपासून दहावीपर्यंतचाच तर अभ्यास आहे.

दीपमाळ

वडाचीपारंबी, क्षमस्व, पण इथे मी आपल्याशी सहमत नाही आणि हे मत बऱ्याच विद्यार्थ्यांकडे पाहून बनले आहे. घरच्या इंजिनिअरला उत्तर दिसते. ते समोरच्याला का दिसत नाही, हे मात्र त्याला दिसत नाही. तो तिसऱ्या ओळीवरून थेट सातव्या ओळीवर जातो आणि 'हे तर उघडच आहे' म्हणतो. त्या एका वाक्याने विद्यार्थी पुढचे चार दिवस वही उघडत नाही. शिवाय दिरासमोर किंवा भाच्यासमोर चुकण्याचा संकोच वेगळाच. ज्या घरात खरोखरच कुणाच्या अंगी तेवढा धीर आहे, तिथे घरच्या शिकवणीसारखे सुख नाही, हे मी मान्य करते. पण त्या माणसाची निवड इंजिनिअरिंगच्या पदवीवरून होत नाही.

वडाचीपारंबी

धीराचा मुद्दा मान्य. आमच्याकडे मुलाला पाढे शिकवतानाचे आवाज शेजारपर्यंत जातात, तेव्हा अधिक बोलत नाही.

समईची वात

मी व्यवसायाने शिक्षिका आहे आणि मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेते. पारख कशी करावी, हा मूळ प्रश्न होता आणि त्यावर कुणी नीट लिहिले नाही म्हणून लिहिते.

पदव्या विचारू नका. एक चुकलेले उदाहरण घेऊन जा. उदाहरणार्थ हे : एका दिव्याची किंमत ८० डॉलर आहे, त्यावर २५ टक्के सूट आहे आणि कुपन असल्यास सूट दिलेल्या किमतीवर आणखी १० टक्के सूट मिळते, तर किती पैसे द्यावे लागतील? पुष्कळ विद्यार्थी २५ आणि १० यांची बेरीज करतात, ८० मधून ३५ टक्के वजा करतात आणि ५२ लिहितात. हे उत्तर वहीत तसेच राहू द्या आणि शिक्षकाला दाखवा.

एक शिक्षक म्हणेल, 'चूक. ८० चे २५ टक्के २०, उरले ६०, ६० चे १० टक्के ६, उत्तर ५४. कळले?' आणि विद्यार्थी मान डोलावेल. दुसरा शिक्षक आधी विचारेल, 'हे ५२ कसे काढले ते मला सांगता का?' मग ऐकून घेईल आणि एवढेच म्हणेल, 'कुपन दाखवलेत तेव्हा दिव्याची किंमत किती झालेली होती?' इथे विद्यार्थी थांबतो आणि हातातल्या पेन्सिलीने ८० खोडून ६० लिहितो. हा दुसरा शिक्षक घ्या. तो महाविद्यालयात शिकवत असो, निवृत्त असो वा पदवीचा विद्यार्थी असो, काही बिघडत नाही. पहिला बुद्धीने कमी नसतो, पण त्याच्याकडून उत्तरे मिळतील आणि परीक्षेत तो शेजारी बसलेला नसेल.

दुसरी पारख ऋण संख्यांची, कारण जीईडीच्या बीजगणितात गुण गळतात ते बहुतेक याच जागी. (−३, ४) आणि (१, −४) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायला सांगा. वरचा फरक −४ − ४ म्हणजे −८, खालचा फरक १ − (−३) म्हणजे ४, चढ −२. विद्यार्थी खाली १ − ३ करतो, −२ आणतो आणि चढ ४ लिहून मोकळा होतो. सूत्र पाठ असते, तक्त्यातही दिलेले असते, तरीही उत्तर चुकते, कारण कंस मनातल्या मनात सोडवला जातो. चांगला शिक्षक इथे सूत्र पुन्हा सांगत बसणार नाही. तो कंस कागदावर लिहायला लावील, आणि पुढच्या दहा उदाहरणांत लिहिला की नाही ते पाहील. शिवाय ते दोन बिंदू आलेखावर मांडून 'रेषा डावीकडून उजवीकडे उतरते आहे, मग चढ धन कसा येईल?' असेही विचारील. उत्तर स्वतःच तपासण्याची ही सवय एकदा लागली की चार गुण वाढायला वेळ लागत नाही.

पाटीपेन्सिल

समईची वात यांचा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. त्यात माझी एक भर.

मी स्वतः ही परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले आहे आणि शिक्षकाला परीक्षेच्या यंत्रणेची माहिती आहे की नाही, हे विचारणे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. गणिताच्या पेपराचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाचच प्रश्न असतात आणि त्यांना कॅल्क्युलेटर मिळत नाही. तिथे अपूर्णांक आणि दशांश लहान-मोठे लावणे, घातांक, वर्गमूळ, लसावि अशा गोष्टी असतात, आणि एकदा पुढे गेले की त्या भागात परत येता येत नाही. उरलेल्या भागात टीआय-३०एक्सएस मल्टिव्ह्यू हा कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो.

या कॅल्क्युलेटरवर वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण चिन्हाची कळ वेगळी असते. कंस न घालता −३ चा वर्ग केला तर तो −९ दाखवतो, ९ नव्हे. उत्तर अपूर्णांकात आले आणि पर्याय दशांशात असले तर रूप बदलण्याची दुहेरी बाणाची एक कळ असते. ही तीन कामे हातात बसलेली नसतील तर येत असलेली उदाहरणेही जातात. मी त्याच नमुन्याचा कॅल्क्युलेटर विकत घेतला आणि सगळा सराव त्याच्यावरच केला. जो शिक्षक 'कोणताही कॅल्क्युलेटर चालेल' म्हणतो, त्याने ही परीक्षा जवळून पाहिलेली नाही.

याच कारणाने शिक्षकाकडच्या पुस्तकाचे सालही पाहा. २०१४ मध्ये परीक्षा संपूर्ण बदलली आणि संगणकावर गेली. त्यापूर्वीची पुस्तके अजून काही जणांच्या कपाटात आहेत आणि त्यांतली गुणपद्धती आणि कॅल्क्युलेटर दोन्ही वेगळे आहेत. टास्क या दुसऱ्या एका हायस्कूल समकक्ष परीक्षेची पुस्तकेही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दिसतात, पण ती परीक्षा २०२१ नंतर बंद झाली.

ओसरी

हे फार उपयोगी आहे. वहिनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर सराव करत होत्या. आज संध्याकाळीच तो नमुना मागवते. मराठी बोलणाऱ्या शिक्षकाबद्दल कुणी सांगू शकेल का? वहिनींचा तोच आग्रह आहे.

उंबरठा

माझ्या बहिणीच्या वेळी आम्हीही हा विचार पुष्कळ केला होता. मराठीत समजावून सांगणारा मिळाला तर विषय लवकर उमगतो, यात शंका नाही. अंश-छेद, चढ, मध्यक हे शब्द ऐकताच शाळेतले सगळे पुन्हा वर येते. परंतु जीईडी इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येच होते, आणि गणिताच्या पेपरात उदाहरणे शाब्दिकच अधिक असतात. म्हणून शिक्षकाने समजावणे मराठीत केले तरी उदाहरण नेहमी इंग्रजीतच वाचायला लावले पाहिजे. बहिणीचा शिक्षक मराठी नव्हता, पण तो प्रत्येक उदाहरण तिला मोठ्याने वाचायला लावत असे आणि 'काय विचारले आहे ते आधी तुमच्या भाषेत सांगा' म्हणत असे. ती मराठीत सांगे, त्याला एक अक्षर कळत नसे आणि तरी तो मान हलवून ऐकत असे. तिला त्याचा उपयोग फार झाला.

भाषेपेक्षा मोठी अडचण मापांची आली, हे सांगायला हवे. आपण मीटर आणि लिटरवर वाढलो. तिथे फूट, यार्ड, इंच, गॅलन, पौंड, औंस आहेत. १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब खोलीला गालिचा घालायचा आहे, गालिचा चौरस यार्डाच्या भावाने मिळतो, तर किती घ्यावा? क्षेत्रफळ १८० चौरस फूट. एका यार्डात ३ फूट म्हणून बहिणीने तीनने भागले आणि ६० लिहिले. चौरस यार्डात ९ चौरस फूट असतात, म्हणून उत्तर २०. भाव ३० डॉलर धरला तर सहाशेच्या जागी अठराशे डॉलर. इथे जन्मलेल्या शिक्षकाला हे इतके अंगवळणी पडलेले असते की विद्यार्थ्याला यार्ड म्हणजे किती हेच ठाऊक नसेल, अशी शंकाही त्याला येत नाही. पहिल्याच तासाला त्याला तसे सांगून टाकावे. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचेही तेच. १,५०,००० लिहिण्याची सवय मोडून १५०,००० वाचण्याचा थोडा सराव लागतो.

पायवाट

हायसेट ही दुसरी हायस्कूल समकक्ष परीक्षा का देत नाही? न्यू जर्सीत तीही चालते असे ऐकले आहे. तिथे गणिताला २० पैकी ८ गुण पुरतात.

दीपमाळ

न्यू जर्सीत ती चालते, हे खरे. परंतु हायसेटमध्ये पाच विषय असतात, प्रत्येकात किमान ८ आणि एकूण ४५ गुण लागतात, शिवाय निबंधाची अट वेगळी. २० पैकी ८ हे ऐकायला सोपे वाटते, पण तेही मोजपट्टीवरचेच गुण आहेत. प्रश्नांची काठिण्यपातळी त्यामुळे कमी होत नाही. तीन विषय जीईडीत झालेले असताना चार गुणांसाठी परीक्षाच बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तरीही विचार असेल तर झालेल्या विषयांचे काय होणार, हे राज्याच्या शिक्षण खात्याकडून लेखी विचारून घ्यावे.

शिंपला

पैशांच्या बाबतीत दोन शब्द. संपूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नकार द्या; दर तासाचे किंवा फार तर चार तासांचे द्या. 'उत्तीर्ण होण्याची हमी' देणाऱ्यापासून दूर राहा. 'परीक्षा न देता घरबसल्या प्रमाणपत्र' किंवा 'तुमच्या वतीने परीक्षा देतो' असे कुणी म्हणाले तर ती सरळ फसवणूक आहे. अशा बनावट डिप्लोम्यांबद्दल संघराज्याच्या व्यापार आयोगाने लोकांना सावध केलेले आहे. जीईडी घरून देता येते, पण ती अधिकृत खात्यातून, कॅमेऱ्यासमोर, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि स्वतःच द्यावी लागते.

दुसरे असे की वेळ अपुरा पडतो ही मुख्य तक्रार असेल आणि त्यामागे अध्ययन अक्षमता, एकाग्रतेची अडचण किंवा दृष्टीचा त्रास असेल, तर वैद्यकीय कागदपत्रे जोडून जादा वेळेची सवलत मागता येते. हा अर्ज परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी करायचा असतो. खासगी शिक्षकांना हे सहसा ठाऊक नसते.

ओसरी

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे वहिनींच्या निकालाचा तपशील छापून घेतला. त्यात गुणोत्तर-प्रमाण, रेषेचा चढ आणि सूत्रात किंमती घालून उत्तर काढणे, या तीन जागा दाखवल्या आहेत. समईची वात, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला.

दोन शिक्षक पाहिले. एक तरुण आहेत, सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेसाठी मुलांना शिकवतात, अतिशय हुशार आहेत आणि आठवड्यातून दोनदा घरी यायला तयार आहेत. दुसऱ्या बाई प्रौढ शिक्षण वर्गातून निवृत्त झालेल्या आहेत, ग्रंथालयात भेटतात आणि आठवड्यातून एकदाच वेळ देऊ शकतात. दिव्याचे उदाहरण दोघांना दाखवले. तरुणांनी ते सोडवण्याच्या तीन रीती दाखवल्या. बाईंनी वहिनींना दुकानात गेल्याचा अभिनय करायला लावला आणि वहिनी चक्क हसल्या. माझा कल बाईंकडे आहे, परंतु आठवड्यातून एक तास पुरेल का?

समईची वात

पुरेल, मधल्या सहा दिवसांत वही उघडली तर. बाईंना एवढेच सांगा की प्रत्येक तासाच्या शेवटी पुढच्या आठवड्याची दहा उदाहरणे लिहून द्या आणि पुढचा तास त्यांतल्या चुकलेल्या उदाहरणांपासूनच सुरू करा. बरोबर आलेल्यांवर वेळ घालवू नका. त्या तरुणांबद्दल वाईट काहीच नाही. सॅटच्या मुलाला तीन रीती हव्या असतात, वहिनींना एकच हवी आहे, पण ती पक्की.

कुरुंद

आणि तो विनामूल्य वर्ग पुन्हा सुरू करा. हे मी तिसऱ्यांदा लिहिणार होतो, पण आवरतो.

ओसरी

करणार आहोत, बाईंनीही तेच सांगितले. शेवटचा प्रश्न : परीक्षेची तारीख आत्ताच घेऊन ठेवावी का? तारीख समोर असली की अभ्यास होतो, असे माझे यजमान म्हणतात. वहिनींना मात्र या वयात पुन्हा नापास होण्याची लाज वाटते.

दीपमाळ

लाजेचे म्हणाल तर ही परीक्षा १९४२ मध्ये निघाली तीच मुळी दुसऱ्या महायुद्धासाठी शाळा अर्धवट सोडून गेलेल्या सैनिकांसाठी. मोठ्या वयात राहिलेले शिक्षण पुरे करणाऱ्यांसाठीच ती आखलेली आहे.

तारखेची घाई करू नका. न जमल्यास पुढचे दोन प्रयत्न थांबावे न लागता करता येतात, पण तिसऱ्या अपयशानंतर ६० दिवस थांबावे लागते, म्हणून वहिनींचा हा कितवा प्रयत्न आहे ते आधी पाहा. बाईंकडे सहा-सात आठवडे गेल्यावर जीईडी रेडी ही अधिकृत सराव परीक्षा विकत घेऊन द्या. ती मूळ परीक्षेच्या साधारण निम्म्या लांबीची असते आणि निकाल लाल, पिवळ्या किंवा हिरव्या रंगात देते. ती घड्याळ लावून, एका बैठकीत, घरात कुणी मध्ये न बोलता द्यायची. पिवळा आला तर चुकलेले विषय घेऊन पुन्हा बाईंकडे; हिरवा आला तर त्याच आठवड्यात तारीख घ्या. घरून परीक्षा द्यायची असेल तर हिरवा निकाल गेल्या ६० दिवसांतला असावाच लागतो.

पाटीपेन्सिल

घरून देणार असाल तर कच्चे काम करायला कागद मिळत नाही, पडद्यावरच्या फळ्यावर माउसने लिहावे लागते. मला ते अजिबात जमेना, म्हणून मी केंद्रावर गेले. तिथे पुसता येणारी पाटी आणि पेन देतात. वहिनी कंस लिहून गणित करायला शिकत आहेत, तेव्हा त्यांनीही केंद्रच निवडावे आणि शेवटचे दोन आठवडे घरी वहीऐवजी छोट्या पांढऱ्या फळ्यावरच सराव करावा.

ओसरी

फळा मुलांच्या खोलीत आहेच. केंद्राचेच ठरवतो. बाईंचा पहिला तास येत्या शनिवारी आहे; निकालाचा तपशील, नवा कॅल्क्युलेटर आणि चुकलेली उदाहरणे अशी पिशवी वहिनींनी आजच भरून ठेवली आहे.